कच्ची डाळ, दाण्याचं कूट आणि काकडीचं पाणी

प्रश्न : आम्ही पुण्याहून चेन्नईला, वेलाचेरीत राहायला आलो आहोत. रामनवमीला शेजारच्या मामींनी पानकम्, नीर मोर आणि वाटीभर कोसुमल्ली पाठवली. काकडी, ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि वरून मोहरीची फोडणी. म्हणजे जवळजवळ आपली खमंग काकडीच. फक्त दाण्याच्या कुटाऐवजी भिजवलेली मुगाची डाळ, तीही न शिजवलेली! सासूबाईंच्या मते ही मूळची आपलीच कोशिंबीर, इकडच्या लोकांनी कूट काढून डाळ घातली. मामींना हे अजिबात मान्य नाही. खरं काय? कच्ची डाळ बाधत नाही का? दोन्हींत पौष्टिक कोणती? आणि मी त्यांच्या पद्धतीनं करून पाहिली तर वाटीच्या तळाशी पाणीच पाणी झालं, ते का?
– एक वाचक, वेलाचेरी, चेन्नई

उत्तर : तुम्ही एका पत्रात चार प्रश्न विचारलेत आणि चारही विचारण्यासारखे आहेत. सासूबाई आणि मामी यांच्यामधला प्रश्न आधी घेऊ, म्हणजे घरातलं वातावरण निवळेल.

कूट आधी आणि डाळ नंतर, असं होणं शक्यच नाही. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले त्यानंतर तो इकडे आला आणि शेतोशेती पसरायला त्याला आणखी बराच काळ लागला. मिरचीही अमेरिका खंडांतलीच. मूग मात्र याच मातीतला, हजारो वर्षं पिकवला जाणारा. म्हणजे या दोन वाट्यांपैकी जुना जिन्नस कुठला असेल, तर तो मामींच्या वाटीतली डाळ. दाण्याचं कूट ही मराठी स्वयंपाकघराची तुलनेनं अलीकडची, पण फार मनापासून जडलेली सवय आहे. गंमत म्हणजे भुईमुगाचं पीक तमिळनाडूतही चांगलं येतं. तिथे त्याचं तेल निघतं, उकडलेल्या दाण्यांचं सुंडल होतं, पण कूट करून काकडीत घालायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

याचा अर्थ कोशिंबीर तमिळ लोकांची, असाही नाही. तुम्ही कोसुमल्लीची बरोबरी खमंग काकडीशी लावलीत, तिथेच थोडी गल्लत झाली. तिची खरी जुळी आपल्याकडे वेगळीच आहे : आंबेडाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ न शिजवता भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरीची फोडणी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती पन्ह्याबरोबर देतात. आता मामींचं ताट पुन्हा बघा. चैत्रातलीच रामनवमी, गूळ-सुंठ-वेलदोड्याचं पानकम्, मसाल्याचं पातळ ताक म्हणजे नीर मोर, आणि सोबत भिजवलेली कच्ची डाळ. कैरीचे दिवस असल्यामुळे अनेक घरांत कोसुमल्लीतही कैरीचा कीस पडतो. दोन्हीकडे ऊन तापायला लागलं की आलेल्यागेलेल्याला गार, आंबटगोड पेय आणि चूल न पेटवता केलेली डाळ द्यायची, हीच रीत. फरक इतकाच की आपल्याकडे आंबेडाळीचा मान हळदीकुंकवाला आणि रामनवमीच्या प्रसादाला सुंठवडा. तिकडे डाळच रामाच्या नैवेद्याला.

या दोन टोकांच्या मध्ये कर्नाटक आहे, आणि तिथे दोन्ही एकाच घरात नांदतात. कोसंबरी मुगाच्या डाळीचीही होते आणि हरभऱ्याच्या डाळीचीही. रामनवमीला पानक आणि मज्जिगे म्हणजे ताक, यांच्याबरोबर तीच वाटतात. त्यामुळे महाराष्ट्रापासून चेन्नईपर्यंत हा एकच पट्टा धरावा आणि गावागणिक डाळ, आंबटपणा आणि फोडणी बदलत गेली असं समजावं. कुणी कुणाचं उचललं, हा वाद मला तरी इथे लागू वाटत नाही.

तंजावरचा मुद्दा कुणीतरी काढेलच, म्हणून तोही सांगतो. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांची गादी तिथे १८५५पर्यंत चालली. त्या दरबाराबरोबर गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आज चेन्नईतही आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं प्रसिद्धही केला आहे. या वाटेनं पदार्थ गेले यात शंका नाही. उत्तम पुरावा हवा असेल तर मामींना ‘डांगर पच्चडी’ येते का विचारा. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेलं ते आपलं डांगरच आहे, नावासकट. कोसुमल्लीसाठी मात्र दरबाराची गरज नाही. मराठे तंजावरला पोचले नसते, तरी मधल्या कानडी मुलखातून ही चव दोन्हीकडे होतीच.

आता कच्च्या डाळीची भीती. ही भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या डाळीला चिकटली आहे. कडधान्यांत काही नैसर्गिक द्रव्यं अशी असतात की ती कच्ची पोटात गेली तर त्रास देतात. राजम्यात ती इतकी असतात की मूठभरही कच्चा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. म्हणून तो भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय खाऊच नये. मुगाची गोष्ट वेगळी. त्यात ही द्रव्यं फारच कमी, शिवाय कोसुमल्लीत जाते ती सालं काढलेली, दुभंगलेली पिवळी डाळ. साल नाही, दाणा लहान, त्यामुळे पाणी आत झटकन शिरतं. अर्धा-पाऊण तासात ती खाण्याजोगी मऊ होते. आंबेडाळीच्या हरभरा डाळीला त्यासाठी तीन-चार तास लागतात आणि वर ती वाटावीही लागते, त्याचं कारण हेच. एका माणसाच्या वाट्याला येणारी डाळही दोन-तीन चमचेच असते, वाटीभर नव्हे.

डाळ नीट भिजली की नाही हे घड्याळावर ठरवू नका. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. टचकन दोन तुकडे झाले आणि आत पांढरा कडक ठिपका उरला नाही, की झाली. बोटात पीठ झालं तर जास्त भिजली. ती कोसुमल्ली लगदा होईल. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात : ही डाळ पुढे विस्तवावर जाणार नाही. म्हणून ती तीन-चार पाण्यांतून धुवून शेवटी पिण्याच्या पाण्यातच भिजवावी. नळाच्या पाण्यात भिजवलेल्या डाळीनं पोट बिघडलं, तर दोष मुगाचा नव्हे. घरात लहान मूल किंवा नाजूक पोटाची वयस्कर माणसं असतील तर भिजलेली डाळ दोन मिनिटं वाफवून घ्या. चवीत फारसं काही जात नाही.

जाता जाता एक शंका दूर करतो, कारण ती नेहमी विचारली जाते. ही डाळ रात्रभर ठेवली तर मोड येतील का? येणार नाहीत. मोड अख्ख्या मुगाला येतात. डाळ करताना दाणा दुभंगतो, साल निघते आणि कोंबाचा ठिपका मोडून पडतो. रात्रभर ठेवलेली डाळ, आणि तीही चेन्नईच्या हवेत, फक्त आंबेल.

तुमच्या वाटीत पाणी का झालं, हा मला यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो, कारण दोन पदार्थांमधला खरा फरक इथेच उघडा पडतो. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी असतं. तिला मीठ लागलं की पेशींबाहेरचा रस खारट होतो आणि आतलं पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेर ओढलं जातं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं ते याच कारणानं. खमंग काकडीतही पाणी सुटतंच. तिथे तर आपण काकडी चोचवतो, म्हणजे हातात धरून सुरीनं तिच्यावर उभे-आडवे टचके मारून बारीक कापतो. इतक्या चिरा पडल्यावर पाणी जास्तच येणार. पण दाण्याचं कोरडं कूट ते पिऊन टाकतं आणि सगळं मिळून येतं. कोसुमल्लीतली डाळ आधीच पोटभर पाणी प्यालेली असते. ती आणखी काही शोषत नाही. तुम्ही कूट काढलंत, पण पाण्याची दुसरी सोय केली नाहीत.

मामींची सोय अशी असणार : काकडी चोचवायची नाही, तिचे बारीक चौकोनी तुकडे करायचे. जून काकडी असेल तर मधला बियांचा मऊ भाग काढून टाकायचा, कारण बरंच पाणी तिथूनच सुटतं. डाळ चाळणीत निथळून वर स्वच्छ फडक्यावर दहा मिनिटं पसरायची. मग डाळ, काकडी, खोबरं, कोथिंबीर एकत्र करून फोडणी घालायची. तेलाचा हात आधी लागला की मीठही काकडीला जरा उशिरा भिडतं. मीठ आणि लिंबू अगदी पानं मांडल्यावर. सणाच्या स्वयंपाकात आपण सगळं सकाळीच करून झाकून ठेवतो. तसं करायचं असेल तर बाकी कालवून ठेवा, पण मिठाचा डबा लांब ठेवा.

कैरी घालणार असाल तर तीही चाखून बघा. चेन्नईत लांबट, चोचीसारख्या टोकाची ‘किळिमूक्कु’ कैरी सर्रास मिळते, आपण जिला तोतापुरी म्हणतो ती. मरीना किनाऱ्यावर तिच्या फोडी तिखट-मीठ लावून विकतात, आणि वाटाणा-खोबरं-कैरीचं सुंडलही. ती करकरीत पण बेताची आंबट असते, तेव्हा लिंबू लागेल. कोकणातल्या रायवळ कैरीचा अंदाज इथे धरलात तर कोसुमल्ली मिळमिळीत लागेल. साखर मात्र नको. चिमूटभर साखर ही आपली सवय. मामींच्या वाटीत ती परकी वाटते.

पौष्टिकतेचा हिशेब लोक समजतात तसा नाही. ‘डाळ म्हणजे प्रथिनं, दाणे म्हणजे नुसतं तेल’ असं बोललं जातं. प्रत्यक्षात सुक्या मुगाच्या डाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि शेंगदाण्यात सुमारे २५. म्हणजे प्रथिनांत दोन्ही बरोबरीत. फरक आहे तो स्निग्धांशात : दाण्याचं निम्मं वजन तेलाचं, डाळीत ते नाममात्र. त्यामुळे १५ ग्रॅम कूट घातलं तर ८५ ते ९० कॅलरी वाढतात, तेवढ्याच सुक्या डाळीनं पन्नासच्या आसपास. वजनावर लक्ष असेल तर कोसुमल्ली थोडी हलकी, एवढंच. तेही खोबरं बेतानं घातलं तर; ओल्या खोबऱ्याचा तिसरा हिस्सा तेलच असतो, आणि मूठभर खोबऱ्यानं ही बचत कधीच खर्ची पडते. लिंबाचं काम मात्र दोन्हीकडे मोलाचं आहे. डाळीतलं आणि दाण्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. गाजर किसून घालत असाल तर फोडणीचं तेलही वाया जात नाही, कारण गाजराचा केशरी रंग देणारं द्रव्य स्निग्धांशाबरोबरच चांगलं अंगी लागतं.

तेव्हा कुठली करावी हे पोषणापेक्षा दिवसावर ठरवा. एकादशीला किंवा महाशिवरात्रीला डाळ चालणार नाही. तिथे तूप-जिऱ्याची फोडणी दिलेली खमंग काकडीच हवी. भातावर वरण, भाजीत हरभरा डाळ अशा दिवशीही मी कूटच घालीन, कारण ताटात डाळीवर डाळ होते. आणि जेवण नुसतं ताकभाताचं असेल, तर त्याच्याशेजारी मामींची कोसुमल्ली फार शोभते. मऊ भातात दातांखाली येणारा डाळीचा तो करकरीतपणा कुटातून मिळत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण काकडीचं टोक कापून तेच तिच्यावर चोळायचं, फेस काढायचा, म्हणजे कडूपणा जातो, हे मराठी आणि तमिळ दोन्ही स्वयंपाकघरांत ठामपणे सांगितलं जातं. फेस येतो तो कापलेल्या भागातल्या चिकाचा. चोळणं वरवरचं असतं, काकडीच्या आत त्याची पोच नसते. कडवट द्रव्य देठाच्या टोकाशी आणि सालीखाली जास्त असतं, म्हणून ते टोक कापून टाकल्यानं आणि साल काढल्यानं फरक पडतो. श्रेय चोळण्याला मिळतं. फार कडू निघाली तर मात्र साखर-लिंबू घालून ती खपवू नका, टाकून द्या.

शेवटची सूचना तिथल्या हवेसाठी. ओलं खोबरं, चिरलेली काकडी आणि भिजलेली डाळ या तिन्ही लवकर बिघडणाऱ्या वस्तू. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३२ अंशांच्या वर असतो, तेव्हा कालवलेली कोसुमल्ली बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ढकलू नका. काकडी तोवर लिबलिबीत झालेली असते. नुसती भिजलेली डाळ उरली असेल तर ती झाकून फ्रिजमध्ये राहील. सकाळी आलं, मिरची आणि जिरं घालून वाटा, आणि तव्यावर धिरडी घाला.