दम्याचे निदान : रुग्णाची रात्र आणि डॉक्टरांची सकाळ

"डॉक्टर, आत्ता तुम्हांला काहीच ऐकू यायचं नाही. तुम्ही पहाटे तीन वाजता आमच्या घरी यायला हवं होतं."

काही वर्षांपूर्वी काचीगुड्याच्या माझ्या दवाखान्यात एका शिक्षिकेने काढलेले हे उद्गार आजही स्मरणात आहेत. सकाळचे अकरा वाजले होते. स्टेथोस्कोप छातीला लावला, तर श्वास अगदी स्वच्छ. दोन वर्षे मी त्यांच्या कागदावर 'ॲलर्जिक खोकला' असे लिहीत होतो, खोकल्याची औषधे देत होतो आणि दोन-तीन वेळा प्रतिजैविकेही दिली होती. बाईंचे ते वाक्य मला त्या वेळी तक्रारीसारखे वाटले. वस्तुतः दम्याच्या निदानातील मुख्य अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. प्रस्तुत लेखात याच अडचणीचा आणि ती दूर करण्यास उपयोगी पडणाऱ्या साध्या व डिजिटल साधनांचा विचार करावयाचा आहे.

निदान का निसटते?

दमा हा श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार होय. या दाहामुळे नलिका अतिसंवेदनशील होतात. धूळ, धूर, थंड हवा, विषाणूजन्य सर्दी, श्रम अशा निमित्ताने त्या आकुंचन पावतात आणि काही वेळाने पुन्हा मोकळ्या होतात. हा चढउतार हेच दम्याचे प्रमुख लक्षण आहे. त्रास बहुधा रात्री व पहाटे वाढतो, आणि दवाखाना तर दिवसा उघडतो! त्यामुळे तपासणीच्या क्षणी छाती स्वच्छ असणे, क्ष-किरण चित्र निर्दोष असणे, इतकेच नव्हे तर स्पायरोमेट्रीचा अहवालही सामान्य येणे सहज शक्य असते. त्या क्षणी दोष आढळला नाही, यावरून दमा नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

या निसटण्याची व्याप्ती केवढी आहे? 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या भारतातील पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के व्यक्तींचे दम्याचे निदानच झालेले नव्हते, असे तीत आढळले. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. कॅनडात दम्याचे निदान झालेल्या ६१३ प्रौढांची पद्धतशीर फेरतपासणी करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश व्यक्तींना त्या वेळी दमा नसल्याचे दिसून आले. म्हणजे मोजमापावाचून केलेले निदान दोन्ही दिशांनी चुकते : कोणी औषधावाचून राहतो, तर कोणी विनाकारण औषध घेत राहतो.

रुग्णाचे शब्द, रुग्णाचे भय

रुग्णाचा अनुभव आपल्यापर्यंत शब्दांतूनच पोहोचतो, आणि शब्द फसवे असतात. 'घरघर' म्हणजे कोणाला छातीतील शिटीसारखा आवाज अभिप्रेत असतो, तर कोणाला चोंदलेल्या नाकाचा. आमच्या हैदराबादेत तर तीन-चार भाषांतून लक्षणे येतात. मराठी आजी 'धाप लागते' म्हणतात, शेजारचे दख्खनी बोलणारे चाचा 'दम फूलता' म्हणतात, आणि तेलुगू माता बाळाच्या छातीतील आवाजाला 'पिल्लि कूतलु', म्हणजे मांजराचे आवाज, असे अगदी नेमके नाव देते. हे शब्द ऐकून त्यांचा अर्थ रुग्णालाच विचारणे ही निदानाची पहिली पायरी होय.

दुसरी अडचण भयाची. 'दमा' हा शब्द उच्चारताच घरात शांतता पसरते. मुलगी लग्नाची असेल तर आईवडील हळूच म्हणतात, "डॉक्टर, कागदावर तेवढं लिहू नका." मग आपणही 'बालदमा', 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' अशा सौम्य नावांचा आश्रय घेतो. 'पंपाची सवय लागते' ही समजूत तर घरोघरी आहे. दर वर्षी मृगाच्या मुहूर्तावर नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानात मरळ माशातून दिला जाणारा प्रसाद घेण्यासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे रांगा लावतात. त्याची परिणामकारकता शास्त्रीय चाचण्यांनी सिद्ध झालेली नाही. तथापि त्या रांगेकडे केवळ उपहासाने पाहणे मला योग्य वाटत नाही. 'तुम्हांला दमा आहे, तो कशावरून ठरवला आणि पुढे काय होईल' हे ज्याला कोणी शांतपणे सांगितले नाही, तो माणूस अशा औषधाच्या आशेने रांगेत उभा राहणारच.

मोजमापाची साधने

जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. श्वासनलिका पसरवणारे औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर अशी दोनदा चाचणी करून पहिल्या सेकंदातील उच्छ्वास १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढला, तर प्रौढांत दम्याच्या निदानास बळकटी येते, हा निकष अनेक वर्षे प्रचलित आहे. चाचणी शक्यतो नियमित औषध सुरू करण्यापूर्वी करावी, कारण उपचाराने चढउतार झाकला जातो. मात्र रुग्णाचा त्रास तीव्र असेल तर चाचणीसाठी उपचार थांबवू नयेत.

स्पायरोमेट्री उपलब्ध नसेल, किंवा अहवाल सामान्य येऊनही शंका उरली असेल, तेव्हा १९५९ मध्ये राइट यांनी पुढे आणलेल्या पीक फ्लो मीटरचा सुटसुटीत अवतार उपयोगी पडतो. सकाळी व संध्याकाळी तीन-तीनदा जोराने फुंकावे आणि तीनांतील सर्वांत मोठा आकडा लिहावा. असे दोन आठवडे करावे. एखाद्या दिवशी सकाळी २६० व संध्याकाळी ३४० लिटर प्रति मिनिट असे आकडे आले, तर फरक ८०, सरासरी ३००, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार सुमारे २७ टक्के. सर्व दिवसांची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांहून आणि मुलांत १३ टक्क्यांहून अधिक असेल, तर हा चढउतार प्रमाणाबाहेर समजावा.

मोबाईलचे साहाय्य

ही नोंदवही कागदावर ठेवता येते; पण अनुभव असा की, रुग्ण चार दिवस लिहितो, पाचव्या दिवशी विसरतो आणि दवाखान्यात येण्यापूर्वी रिक्षात बसून उरलेले आकडे भरतो! येथे मोबाईल कामी येतो. ठरल्या वेळी गजर होतो, आकड्यासोबत तारीख व वेळ नोंदली जाते आणि आलेख आपोआप तयार होतो. बाळाला रात्री धाप लागली असता आईने काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुष्कळदा दहा मिनिटांच्या वर्णनाहून अधिक सांगून जाते. मोबाईलला जोडता येणारी पीक फ्लो मीटरे, घरगुती स्पायरोमीटर, इनहेलरचा वापर मोजणारे संवेदक अशी साधनेही आता उपलब्ध आहेत. मार्च २०२० मध्ये आपल्या देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाल्यापासून अशा नोंदी दुरून पाहणेही सुकर झाले आहे.

तथापि काही सावधगिरी अवश्य बाळगावी. साधन नोंद करते. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. फुंकण्याची पद्धत चुकली तर सुंदर आलेखही निरर्थक ठरतो; म्हणून पहिल्यांदा आपल्यासमोर फुंकून घ्यावे. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, परंतु त्यावरील ९७ हा आकडा दमा नसल्याचा पुरावा नव्हे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर आकडे पाहत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर व पेन्सिल हेही उत्तम साधन आहे.

निदान नेमके होणे हा केवळ नावाचा प्रश्न नाही. निदानाअभावी रुग्ण तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहतो आणि मूळ दाह तसाच वाढतो. केवळ अशा पंपावर दम्याचा उपचार करू नये, असे 'जीना' या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. दाह शमवणारे औषध श्वासावाटे वेळेवर सुरू झाले, तर तीव्र झटके आणि त्यांतून ओढवणारे मृत्यू बऱ्याच अंशी टाळता येतात.

त्या शिक्षिकाबाईंच्या मुलीने फोनवर दोन गजर लावून दिले. पंधरवड्याने बाई आल्या, तेव्हा पडद्यावरची रेषा करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होत होती. एका पहाटेचा ध्वनिमुद्रित आवाजही होता. तो ऐकला आणि मी काही क्षण गप्प झालो. बाईंनी आलेखाकडे पाहिले व म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच सांगत नव्हते." त्या स्वरात आनंद नव्हता, दोन वर्षांनी कोणीतरी विश्वास ठेवल्याचा सुटकारा होता. मी त्यांची क्षमा मागितली. स्पायरोमेट्रीने निदानास दुजोरा मिळाला, उपचार सुरू झाले आणि दोन महिन्यांनी तीच रेषा बरीचशी सपाट झाली.

माझ्या व्यवसायबंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. दम्याचे निदान लिहिताना त्याखाली 'कशावरून' हेही एका ओळीत लिहावे, आणि तीच ओळ रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. छाती स्वच्छ आढळली तरी रुग्णाला दारापर्यंत जाऊ देण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : "रात्री झोप लागते का?"