बीटा-अरेस्टिन : पेशीतील संदेश आवरणारे प्रथिन

१. संदेश आणि त्याचा शेवट

अंधुक उजेडात वाटेवर पडलेली दोरी साप म्हणून भासली, तर मनुष्याचे काळीज धडधडू लागते व श्वास जलद होतो. दिवा आणून पाहावे तो ती दोरीच असते. आणि थोड्याच वेळात हृदय पुन्हा पूर्वीच्या चालीवर येते. या नेहमीच्या अनुभवात शरीरशास्त्राचे दोन प्रश्न दडलेले आहेत. भीतीचा संदेश हृदयाच्या पेशींपर्यंत पोहोचला कसा, हा पहिला. आणि पोहोचलेला संदेश थांबला कसा, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी भीतीच्या प्रसंगी ॲड्रिनॅलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात व ते सर्व शरीरभर पसरते, हे आता शाळेतील विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. दुसरा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला होता. रक्तातील ॲड्रिनॅलिन लवकरच नाहीसे होते, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, संप्रेरक भोवती असतानाही पेशी आपल्याकडून त्याला प्रतिसाद देणे कमी करते. हे काम ज्यांच्या आधारे होते त्या प्रथिनांना ‘बीटा-अरेस्टिन’ असे म्हणतात. ‘अरेस्ट’ म्हणजे थोपविणे किंवा अटक करणे; या शब्दावरून हे नाव पडले. पुढे दिसून येईल की, हे नाव खरे असले तरी पुरे नाही.

२. संदेश पेशीत कसा शिरतो

ॲड्रिनॅलिनचा रेणू स्वतः पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या पटलात काही प्रथिने रुतून बसलेली असतात. त्यांना ग्राही असे नाव आहे. ॲड्रिनॅलिनचा ग्राही हा एका लांब साखळीसारखा असून ती साखळी पटलाच्या आतबाहेर सात वेळा ओवलेली असते. संप्रेरक बाहेरच्या बाजूस येऊन बसले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो. हा बदल आतील बाजूस असलेल्या ‘जी-प्रथिना’ला जाणवतो, ते जागृत होते आणि त्याच्या प्रेरणेने पेशीत चक्रीय एएमपी या लहानशा रेणूंची संख्या वाढते. हे रेणू म्हणजे पेशीतील दुय्यम निरोपे होत. त्यांच्या द्वारा हृदयाच्या स्नायूपेशी अधिक जोराने आकुंचन पावतात.

चक्रीय एएमपीच्या संशोधनाशी निगडित कार्याबद्दल अर्ल सदरलंड यांना १९७१ साली, आणि जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सात वेळा ओवलेले असे सुमारे ८०० प्रकारचे ग्राही मानवी शरीरात आहेत. प्रकाश, गंध, कित्येक चवी आणि अनेक संप्रेरके यांची जाणीव पेशींना त्यांच्यामुळेच होते. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे याच कुळातील ग्राहींवर कार्य करतात. असा ग्राही केव्हा बोलतो आणि केव्हा गप्प बसतो, या प्रश्नाशी रोग्याचे हित थेट जोडलेले आहे, ते यामुळे.

३. डोळ्यातून मिळालेला धागा

संदेश थांबविण्याच्या रीतीचा पहिला धागा हृदयात नव्हे, तर डोळ्यात सापडला. दृष्टिपटलातील शलाका पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते. हाही त्याच कुळातील ग्राही होय. फरक इतकाच की, त्याला चेतविणारा दूत संप्रेरक नसून प्रकाश असतो. प्रकाशाने चेतलेले ऱ्होडॉप्सिन तसेच चेतलेले राहिले, तर डोळ्याला एका दृश्यानंतर दुसरे दृश्य नीट दिसणार नाही. म्हणून ते त्वरेने शांत होणे अगत्याचे असते.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान क्यून व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, चेतलेल्या ऱ्होडॉप्सिनवर प्रथम फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि मग सुमारे ४८,००० रेणुभाराचे एक प्रथिन त्यास येऊन चिकटते. हे प्रथिन चिकटले की पुढील क्रिया थांबते, हे त्यांनी १९८६ साली दाखवून दिले. हेच पहिले अरेस्टिन.

४. शुद्ध झाले, तो निष्प्रभ झाले

याच सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत ॲड्रिनॅलिनच्या ग्राहीचा अभ्यास चालू होता. ग्राहीवर फॉस्फेट जोडणारे एक विकर, म्हणजेच एन्झाइम, तेथे सापडले होते. ग्राहीला शांत करणारा हाच, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. परंतु जेफ्री बेनोव्हिक व त्यांचे सहकारी हे विकर जसजसे अधिक शुद्ध करू लागले, तसतशी त्याची ग्राहीला शांत करण्याची शक्ती कमी कमी होत गेली. फॉस्फेट तर जोडले जात होते. मग उणे काय पडले?

शुद्धीकरणात दुसरेच काही आवश्यक द्रव्य गाळले जात असावे, असा तर्क निघाला. डोळ्यातील उदाहरण समोर होतेच. १९८७ साली या संशोधकांनी दृष्टिपटलातील अरेस्टिन भरपूर प्रमाणात मिसळून पाहिले, आणि गेलेली शक्ती परत आली. मात्र ते बरेच अधिक लागत होते. यावरून इतर पेशींतही अरेस्टिनचे एखादे भावंड असले पाहिजे, असे अनुमान करण्यात आले. १९९० साली मार्टिन लोसे प्रभृतींनी त्या भावंडाचे जनुक शोधून काढले. ॲड्रिनॅलिनच्या ‘बीटा’ ग्राहीवर ते कार्य करते, म्हणून त्याचे नाव बीटा-अरेस्टिन ठेवले गेले. १९९२ साली त्याचा दुसरा प्रकारही मिळाला. मनुष्यात एकंदर चार अरेस्टिने आहेत : दोन डोळ्यातील, आणि जवळजवळ सर्व पेशींत आढळणारी ही दोन. या ग्राहींवरील कार्याबद्दल लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

५. आवर कसा घातला जातो

येथे एक शंका येते. बीटा-अरेस्टिन पेशीत सदैव असते. तर मग ते स्वस्थ असलेल्या ग्राहींना का पकडत नाही? याचे उत्तर असे की, त्याला एकाच वेळी दोन खुणा पटाव्या लागतात. ग्राही चेतलेला असला पाहिजे, ही एक खूण. आणि त्याच्या आतील शेपटीवर फॉस्फेट जोडलेले असले पाहिजेत, ही दुसरी. फॉस्फेट जोडणारे विकरही मुख्यत्वे चेतलेल्या ग्राहीलाच धरते. म्हणजे ज्या ग्राहीने काम केले, त्याच्यावरच आवर घालण्याची खूण उमटते.

बीटा-अरेस्टिनचा रेणू सुमारे ४०० ॲमिनो अम्लांचा असून दोन ओंजळी शेजारी शेजारी ठेवाव्यात तशी त्याची घडण असते. विश्रांतीच्या वेळी त्याचे शेपूट त्याच्या स्वतःच्याच अंगाशी गुंतलेले असते. ग्राहीवरील फॉस्फेटचा ऋण विद्युतभार त्या शेपटास सोडवितो. २०१३ साली अरुणकुमार शुक्ला व सहकारी यांनी अशा जागृत अवस्थेतील बीटा-अरेस्टिनची रचना क्ष-किरणांच्या साह्याने निश्चित केली. तिच्यात दोन्ही ओंजळी परस्परांपासून सुमारे २० अंशांनी वळलेल्या दिसल्या. डॉ. शुक्ला यांनी पुढे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हे संशोधन चालविले, आणि २०२१ सालच्या शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला.

ग्राहीला चिकटलेले अरेस्टिन जी-प्रथिनाची जागाच अडवून धरते. त्यामुळे संप्रेरक बाहेर बसलेले असूनही आत निरोप जात नाही. १९९६ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. बीटा-अरेस्टिन हे क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाशी सांधा जुळविते. मग पटलाचा तेवढा भाग खळगा होऊन आत ओढला जातो व ग्राही पेशीच्या पोटात जातो. तेथून तो धुऊनपुसून पुन्हा पटलावर येतो, किंवा मोडून टाकला जातो. दम्याच्या रोग्याने श्वासनलिका सैल करणारा फवारा वारंवार घेतला, तर त्याचा गुण काहीसा कमी होत जातो. त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत ग्राही थकविण्याची ही रीत एक आहे.

६. थोपविणाराच निरोप्या

येथपर्यंत बीटा-अरेस्टिन हा केवळ आवर घालणारा होता. १९९९ साली ड्यूक येथील संशोधकांना असे दिसले की, ग्राहीस चिकटलेले बीटा-अरेस्टिन ‘सार्क’ नावाच्या दुसऱ्या एका विकराला जवळ ओढून आणते, आणि पेशीच्या वाढीशी संबंधित असा निराळाच संदेश सुरू होण्यास मदत करते. एक दार लावताना दुसरे उघडावे, तसा हा प्रकार होता.

यावरून एक मोठी कल्पना पुढे आली. ग्राहीपासून दोन वाटा फुटत असतील, एक जी-प्रथिनाची व दुसरी अरेस्टिनची, तर केवळ एकच वाट चालू करणारे औषध का बनवू नये? औषधाचा गुण एका वाटेने व दोष दुसऱ्या वाटेने येत असेल, तर गुण तेवढा ठेवून दोष वगळता येईल. या दोन वाटा कितपत स्वतंत्र आहेत, याबद्दल मात्र मतभेद झाले. ज्यांतील जी-प्रथिने निकामी केली आहेत अशा पेशींत अरेस्टिनकडून तो संदेश निघतच नाही, असे २०१८ साली दाखविण्यात आले. तेव्हा अरेस्टिन संदेशाला वळण देते हे खरे. परंतु त्याचा आरंभ ते एकट्याने करते, असे सरसकट म्हणता येत नाही.

७. आवर बिघडला म्हणजे

आवर नसल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण जपानातील आहे. १९०७ साली चूता ओगुची यांनी एका जन्मजात रातांधळेपणाचे वर्णन केले. या रोग्यांची दिवसाची दृष्टी चांगली असते. परंतु उजेडातून अंधारात गेल्यावर त्यांच्या शलाका पेशी पूर्ववत व्हावयास कित्येक तास लागतात. डोळ्याच्या आतील बाजूस दिसणारी सोनेरी झाक दीर्घकाळ अंधारात बसल्यावर नाहीशी होते, हे या रोगाचे विशेष लक्षण. १९९५ साली जपानी रोग्यांत याचे कारण सापडले : डोळ्यातील अरेस्टिनच्या जनुकात एकच अक्षर गळालेले होते.

उलट, आवर सुटलाच नाही तरीही रोग होतो. मूत्रपिंडात पाणी राखण्याचा संदेश घेणारा एक ग्राही असतो. काही कुटुंबांत जनुकातील दोषामुळे हा ग्राही संप्रेरकावाचूनही बीटा-अरेस्टिनला चिकटून राहतो व सतत आत ओढला जातो, असे २००१ साली दिसून आले. पटलावर ग्राही उरत नाहीत, संदेश ऐकावयास कोणी नसते, आणि रोग्यास पाण्यासारखी लघवी फार होऊन सतत तहान लागते.

८. वेदना, अफू आणि एक आशा

या विषयात सर्वांत मोठी आशा वेदनाशामकांच्या बाबतीत निर्माण झाली. अफूतील मॉर्फीन हे असह्य वेदनेवरील जुने व प्रभावी औषध होय. पण मात्रा वाढली तर श्वास मंदावून रोगी दगावतो, आणि रोज घेतल्यास तेवढ्याच मात्रेचा गुण येईनासा होतो. १९९९ साली लॉरा बोन, मार्क कॅरन व सहकारी यांनी बीटा-अरेस्टिनचा दुसरा प्रकार नसलेल्या उंदरांना मॉर्फीन दिले. त्यांची वेदना अधिक व अधिक काळ शमली. २००० साली त्यांना औषधाची सवय होऊन गुण कमी होत नाही, असेही दिसले. व्यसनाशी संबंधित शारीरिक अवलंबन मात्र टळले नाही. २००५ साली अशा उंदरांचा श्वास कमी मंदावतो, असे प्रसिद्ध झाले. तेव्हा मॉर्फीनचा गुण जी-प्रथिनाच्या वाटेने व घात अरेस्टिनच्या वाटेने येतो, असे समीकरण मांडले गेले, आणि अरेस्टिनला न बोलाविणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले.

त्यांतील ऑलिसेरिडिन या औषधास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता दिली. पण त्याच्या वेष्टनावर श्वास मंदावण्याचा व व्यसनाचा तोच गंभीर इशारा छापावा लागला. त्याच वर्षी जर्मनी, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील प्रयोगशाळांनी मूळचा प्रयोग पुन्हा करून पाहिला. बीटा-अरेस्टिन नसलेल्या उंदरांचाही श्वास मॉर्फीनने तितकाच मंदावला. या नव्या औषधांत जी काही सुरक्षितता दिसते, ती त्यांच्या सौम्य उत्तेजनामुळे असावी, असे मतही पुढे आले.

या घटनेने बीटा-अरेस्टिनचे महत्त्व कमी होत नाही. मॉर्फीनची सवय व वेदनाशमनाचा काळ यांच्याशी त्याचा संबंध आहेच. परंतु एका प्रयोगशाळेतील उंदरांवरून रोग्याच्या उशापर्यंत जाण्याची वाट किती जपून चालावी लागते, याचा हा मोठा धडा आहे. ज्या औषधाने मनुष्याचा श्वास थांबू शकतो, त्याच्याविषयीचे अनुमान दुसऱ्या हातांनी पुन्हा पडताळल्याखेरीज पक्के मानता येत नाही.

९. समारोप

संदेश थांबविणे ही संदेशवहनाची केवळ समाप्ती नसून त्याचे एक अंग आहे, हे बीटा-अरेस्टिनच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. बोलावणे आणि आवरणे या दोहोंचा तोल सांभाळला गेला, तरच डोळा दृश्यामागून दृश्य पाहू शकतो आणि घाबरलेले हृदय पुन्हा शांत होते. बीटा-अरेस्टिनचे दोन्ही प्रकार नसलेली उंदरांची पिल्ले जगत नाहीत, यावरून या तोलाची किंमत कळून येईल.

उजळणीसाठी प्रश्न

(१) शुद्ध केलेले विकर निष्प्रभ झाले, यावरून संशोधकांनी कोणते अनुमान काढले व ते कसे पडताळले?
(२) स्वस्थ असलेल्या ग्राहीस बीटा-अरेस्टिन का पकडत नाही?
(३) ओगुचीचा रोग आणि सतत तहान लागण्याचा येथे सांगितलेला रोग यांतील बिघाड परस्परविरुद्ध कसे आहेत?
(४) मॉर्फीनसंबंधीच्या २००५ व २०२० सालच्या निष्कर्षांत फरक कोणता? त्यावरून प्रयोगाच्या पुनरावृत्तीचे महत्त्व सांगा.