अभ्यासपाठ : नामदेवरायांचे रडणे आणि ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



येत्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला माउलींचा संजीवन समाधी सोहळा आहे. (आपल्याकडची पंचांगे पौर्णिमान्त, त्यामुळे इथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तीच तिथी मार्गशीर्ष, म्हणजे अगहन कृष्ण त्रयोदशी म्हणून दिसेल. दरवर्षी कुणीतरी विचारतेच, म्हणून आधीच लिहून टाकले.) त्या निमित्ताने या महिन्याचा अभ्यास नामदेवरायांच्या ‘समाधी’च्या अभंगांवर ठेवला आहे. ज्यांच्याकडे नामदेवांची गाथा आहे त्यांनी ते प्रकरण एकदा सलग वाचावे. एका बैठकीत होत नाही, कारण डोळे भरून येतात. थांबावे, पाणी प्यावे, पुन्हा वाचावे.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296. माउलींचे वय अवघे 21. नामदेवराय परंपरेप्रमाणे त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठे. दोघे बरोबर तीर्थयात्रा करून आलेले होते. विठ्ठलाला सोडून पंढरपूरच्या बाहेर पाऊल टाकायला नामदेव तयार नव्हते, माउलींनी त्यांना मागून नेले. त्या प्रवासाचे वर्णन नामदेवांच्याच ‘तीर्थावळी’त आहे. म्हणजे गुरुबंधू, संत, भक्तशिरोमणी हे सगळे नंतर. आधी हे दोघे वाटसरू सोबती होते. एकत्र चाललेल्या माणसांचे नाते वेगळेच असते, हे नर्मदामैयाच्या काठावर राहणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको.

आणि मग आळंदीला नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून साफ केली. मित्राची समाधी आपल्याच लेकरांच्या हातून तयार होताना बघायची! ज्याला जायचे आहे तो शांत आहे. मागे राहणारे कासावीस आहेत. नामदेव रडतात, भावंडे रडतात, प्रत्यक्ष पांडुरंगाचाही कंठ दाटून येतो. त्या अभंगांत कुणीच कोरडे नाही. पुढच्या सात महिन्यांत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताई तापीकाठी गेली, निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. चारही भावंडे संपली. नामदेव मात्र परंपरेप्रमाणे 1350 पर्यंत राहिले. त्या दिवसानंतर 54 वर्षे.

या 54 वर्षांचे त्यांनी काय केले, हा आपल्या अभ्यासाचा खरा विषय. त्यावर येतोच. पण त्याआधी आमच्याकडे गुरुवारच्या बैठकीत जे झाले ते सांगायला हवे, कारण हा पाठ तिथूनच सुचला.

आपल्यातल्या जुन्या सेवेकरी जीजी श्रावणात गेल्या, हे बहुतेकांना कळले आहे. जीजी मराठी नव्हत्या. घरी निमाडी बोलणाऱ्या, आमच्यात आल्या तेव्हा त्यांना मराठी अक्षर न् अक्षर लावून वाचावे लागे. आमच्या बरोबर बसून बसून हरिपाठ पाठ झाला, पुढे गुरुचरित्राचे सप्ताह केले. ‘ळ’ त्यांना आमच्यापेक्षा चांगला येई, निमाडीत तो आहेच ना! बावीस वर्षे आमची संगत. शेवटचे वर्ष डायलिसिससाठी धरमपुरी ते इंदूर अशा खेपा करण्यात गेले. गाडीत जाता-येता त्या माळ ओढत आणि ड्रायव्हरच्या घरची विचारपूस करत.

त्यांच्या नंतरच्या एका बैठकीत नेहमीप्रमाणे विषय निघाला, की सद्गुरूंनी जे दिले त्याबद्दल कृतज्ञ राहावे, शोक आवरावा. तेव्हा जीजींची सूनबाई उठून म्हणाली, “माझी सासू गेली आणि मी आभार मानू? कशाचे?” आणि ती रडू लागली. बैठकीत कुणाला काही बोलायला सुचेना. आम्हाला वाटते, हा प्रश्न योग्यच आहे आणि तो दाबून टाकण्यात अर्थ नाही. ज्याचे दुःख ताजे आहे त्याला ‘कृतज्ञ राहा’ म्हणणे म्हणजे जखमेवर हात ठेवून ‘हस’ म्हणण्यासारखे होऊ शकते.

म्हणून आम्ही शब्दापासूनच सुरुवात केली. कृतज्ञ म्हणजे काय? कृत अधिक ज्ञ. ‘कृत’ म्हणजे केलेले, ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. कुणी आपल्यासाठी जे केले ते जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात कुठेही आनंद नाही, समाधान नाही, हसरा चेहरा नाही. आहे ती फक्त जाण. आपल्या आज्या ‘आभार’ म्हणतच नसत. त्या म्हणत, “केल्याची जाण ठेव गं.” आणि जाण रडतारडताही ठेवता येते. उलट केलेले किती होते हे नीट कळले, की रडू जास्तच येते. तेव्हा सूनबाईला उत्तर असे, की मृत्यूचे आभार मानायला कुणीच सांगत नाही. मरण चांगले झाले असे म्हणायचे नाही. जीजींनी काय काय केले ते जाणायचे आहे, एवढेच.

पण ‘खूप केले हो त्यांनी’ एवढ्याने जाण होत नाही. जाण तपशिलाची असते. आम्ही बसून आठवू लागलो. परिक्रमावासी यायचे, भिजलेले, थकलेले. सदावर्तात आम्ही कणीक, डाळ, मीठ, गूळ देत असू. जीजी त्यात प्रत्येकाला एक काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देत. का, तर मैयाकाठच्या दमट हवेत काडी पेटत नाही आणि संध्याकाळी जंगलात चूल पेटली नाही तर कणीक काय कच्ची खायची? हे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. दुसरे, कुणी एकटी बाई परिक्रमेला आली, की तिची झोपायची व्यवस्था त्या स्वतःच्या खोलीत करत आणि आपण बाहेर ओसरीवर पडत. तिसरे, त्यांना ताल अजिबात नव्हता. आरतीत टाळ वाजवायला घेतला की सगळी आरती घसरे. कुणी काही म्हटले तर चिडत. तांदूळ निवडताना कुणी गप्पा मारल्या तर सगळ्यांसमोर बोलत. ती चिडचिडही यादीत लिहिली, कारण ती वगळली तर उरते ती भलतीच कुणी बाई, जीजी नव्हे.

हे शेवटचे आम्हाला महत्त्वाचे वाटते. माणूस गेला की आपण त्याला लगेच देव्हाऱ्यात बसवतो. मग त्याची आठवण यायची बंद होते, कारण देव्हाऱ्यातल्या मूर्तीशी भांडता येत नाही.

आपल्याच भागातले एक उदाहरण यासाठी घेण्यासारखे आहे. देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांची आणि इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची मैत्री. फॉर्स्टर प्रथम 1912-13 च्या प्रवासात देवासला आले, नंतर 1921 मध्ये काही महिने महाराजांचे खाजगी सचिव म्हणून राहिले. जन्म, धर्म, भाषा, सगळेच वेगळे, पण मैत्र जमले. महाराज कृष्णभक्त. राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव, महाराजांचे देवापुढे भान हरपून नाचणे, टाळ, चिखल, गोंधळ, हे सगळे फॉर्स्टरनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या 1924 च्या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो उत्सव उतरला आहे, आणि त्यात आपल्या तुकाराम महाराजांचे नावही येते. कॉलेजात आमच्यापैकी दोघींनी ही कादंबरी अभ्यासाला म्हणून वाचली होती, तेव्हा हे सगळे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या देवासचे आहे याचा पत्ताच नव्हता!

पुढे महाराजांचे दिवस फिरले. राज्य कर्जात बुडाले, संसार मोडला, इंग्रज सरकारशी बिनसले. शेवटी ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीला जाऊन राहिले आणि तिथेच 1937 मध्ये वारले. जगाने त्यांच्यावर ‘कारभार न जमलेला संस्थानिक’ असा शिक्का मारला. फॉर्स्टरनी काय केले? पूर्वी देवासहून आईला आणि मित्रांना लिहिलेली पत्रे काढली, मधे-मधे समजुतीचा मजकूर जोडला आणि 1953 मध्ये, म्हणजे मित्र जाऊन 16 वर्षांनी, ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक छापले. देवीचा डोंगर म्हणजे आपली देवासची माताजींची टेकडी. त्या पुस्तकात महाराजांच्या कारभारातला घोळ, खर्चाची उधळण, काही झाकलेले नाही. आणि तरी पुस्तकभर ओलावा आहे. जगाच्या हिशेबात जो नापास ठरला त्याचे जे चांगले आपण पाहिले, ते सांगायला आपण जिवंत आहोत, अशी ती जाण. ती पत्रे लिहिताना मित्राचे स्मारक करायचे मनातही नसणार. रोजचे, साधे, आईला कळावे म्हणून लिहिलेले. तेच पुढे उपयोगी पडले. (आजकाल आपण फोनवरचे संदेश भराभर पुसून टाकतो. जागा भरते हे खरे, पण जीजींचे ‘कल गेहूं साफ करना है’ असले संदेशसुद्धा काहींनी ठेवले होते, ते आता पुन्हा ऐकले जातात.)

आता नामदेवरायांच्या 54 वर्षांकडे. एक तर त्यांनी लिहिले. माउलींचे चरित्र म्हणून आज आपण जे सांगतो त्यातले पुष्कळसे नामदेवांच्या आदि, तीर्थावळी आणि समाधी या अभंगांमुळे आपल्यापर्यंत आले. दुसरे, ते चालले. ज्या उत्तरेची वाट मित्राबरोबर पाहिली होती तिकडे ते पुन्हा गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची 61 पदे आज गुरुग्रंथसाहिबात आहेत. मित्राने एकदा बळेच पंढरपूरच्या बाहेर काढले, आणि हा माणूस पुढे आयुष्यभर बाहेरच कीर्तन करत राहिला. मित्राने दिलेली वस्तू वापरत राहणे हीसुद्धा एक जाणच, नाही का?

आणि तिसरी गोष्ट चोखोबांची. ही वाचताना आमच्याकडे कुणीच काही बोलले नाही. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. नामदेवराय तेव्हा सत्तरीकडे झुकलेले. ते मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात किती जणांची हाडे, त्यात आपला चोखा कोणता? परंपरा सांगते, की ज्या हाडांतून विठ्ठल नामाचा ध्वनी आला ती नामदेवांनी उचलली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारापाशी समाधी दिली. कानाला लावून हाड ओळखायचे, म्हणजे त्या माणसाचा आवाज किती ओळखीचा असला पाहिजे! हयातभर ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले नाही त्या चोखोबांना मित्राने देवाच्या दारात आणून ठेवले. दाराच्या आत मात्र तेव्हाही नाहीच, हेही विसरू नये. अन्याय झाला तो झालाच, जाण ठेवली म्हणून तो धुऊन निघत नाही. पुढे नामदेवांची पायरी त्याच महाद्वाराशी झाली. आजही पंढरपूरला गेलात तर समोरासमोर दोघे आहेत.

आपल्या धरमपुरीच्या बेटावर, बिल्वामृतेश्वर महादेवापाशी, दधिची ऋषींची तपोभूमी सांगतात. त्यांनी अस्थी दिल्या, त्याचे वज्र झाले, ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते. चोखोबांच्या अस्थींची गोष्ट मात्र इथे फारशी कुणी सांगत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला पाहुणे येतील तेव्हा दोन्ही एकत्र सांगाव्यात असे आम्हाला वाटते.

एका भगिनीने विचारले, मैत्रीण ही ना नात्याची ना गोत्याची, तिच्यासाठी काही करता येते का? येते. महालयाच्या यादीत आई-वडील, आजी-आजोबा यांच्याबरोबर सासरा, गुरू, शिष्य आणि आप्त हेही आहेत. शास्त्राने जागा ठेवली आहे. विधी कसा करावा ते आपापल्या गुरुजींना विचारावे.

या महिन्याचा स्वाध्याय असा. रोज रात्री नामस्मरणानंतर गेलेल्या एका व्यक्तीने आपल्यासाठी केलेली एकच गोष्ट वहीत लिहायची. ‘प्रेमळ होती’ असे लिहायचे नाही, काय केले ते लिहायचे. काडेपेटीसारखे. रडू आले तर येऊ द्यावे, त्या दिवशी एवढाच अभ्यास. ज्यांचे दुःख अगदी ताजे आहे त्यांनी लिहू नये, नुसते बसावे, शेजारी दुसरीने बसावे. सूनबाई मागच्या गुरुवारी आल्या होत्या. लिहिले काही नाही, पण तांदूळ निवडू लागल्या आणि आम्ही बोलत होतो तर आम्हाला दटावले.

त्रयोदशीला सकाळी 9 वाजता हरिपाठ, नंतर ‘समाधी’चे वाचन, 12 वाजता पुष्पवृष्टी. प्रसादाला पिठले-भाकरी.

ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेले परिक्रमावासी समुद्र ओलांडून उत्तर तटाने आपल्याकडे पोहोचायला अजून अवकाश आहे, पण मधूनच उचललेल्या परिक्रमेतले दोन-चार जण आताच येऊ लागले आहेत. सदावर्ताची कणीक दळून आणायची पाळी या महिन्यात खालच्या गल्लीची. गूळ आहे, मीठ आहे. काडेपेट्यांचे दोन पुडे आणि छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हव्या आहेत, ज्यांना शक्य असेल त्यांनी गुरुवारी घेऊन याव्यात.

नर्मदे हर.