आधी काठाला टेकवायचं

जानेवारी, उसाचा हंगाम. बार्शीला खव्याचे डबे पोचवून रात्री मोटारसायकलवर भूमला परतत होतो. हेल्मेट होतं, पण काच वर सरकवलेली. जुन्या काचेवरचे ओरखडे समोरच्या दिव्यांत चमकतात, काही दिसत नाही. नवी काच दोन-तीनशेला मिळते. तेवढा कंजूषपणा नडला. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला, तरी बाहेर आलेलं उसाचं टिपरू डाव्या डोळ्यात गेलंच.

हाडं शाबूत होती. माणसं धावली, भली माणसं. एकानं बाटलीतलं पाणी डोळ्यावर मारलं, दुसऱ्यानं गमजा आवळून बांधला, हॉटेलवाल्या मामांनी "घ्या, धीर येईल" म्हणत चहा-बिस्किट दिलं. मी तर तोवर तीनदा डोळा चोळला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "शेवटचं काय खाल्लंत?" उत्तर ऐकून घड्याळाकडे बघितलं. बुबुळ फाटलेलं, टाके भूल देऊन घालायचे, त्याला पोट रिकामं लागतं. काही तास तसेच गेले.

म्हणून सांगतो. फुटलेला डोळा दाबला की आतलं बाहेर येतं. चोळू नका, धुऊ नका, बांधू नका. काच रुतली असेल तर उपटू नका. कागदी कप उलटा ठेवा, कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा, वरून चिकटपट्टी लावा. पाण्याचा घोटही देऊ नका. १०८ ला फोन करा. बॅटरीचं ॲसिड किंवा चुना उडाला असेल तरच उलटं: जागेवरच अर्धा तास पाण्यानं धुवा.

आमच्या खव्याच्या गावात डोळ्यात दूध सोडा म्हणणारेही भेटतात. त्यांना हात जोडा. मेडिकलवरून मनानं थेंबही आणू नका. पाचटाबरोबर बुरशी आत जाते आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी ती फोफावते.

धीर द्यायला लोक क्रिकेटपटू पतौडींचं नाव काढतात. १ जुलै १९६१ ला इंग्लंडात होव्हला मोटारीच्या फुटक्या काचेची कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. खरंच आहे. पण जगमधलं पाणी ग्लासाऐवजी टेबलावर पडायचं, हेही त्यांनीच लिहिलंय. मला ते जास्त पटतं. भट्टीवर दूध ओतताना कॅन मी आधी कढईच्या काठाला टेकवतो, टण् आवाज ऐकतो, मगच वाकवतो.