औषधाची बाटली आणि खरेदीचे कागद

भ्रष्टाचाराने शासनाचे किती रुपये बुडाले याचा हिशेब लेखापरीक्षक मांडतात. सार्वजनिक आरोग्यसेवेत मात्र हा हिशेब रुपयांत पुरा होत नाही. रस्त्याच्या कामात खडी कमी पडली तर पहिल्या पावसात ते उघड होते. औषधातील लबाडी ना रुग्णाला दिसते, ना डॉक्टरला. या दृष्टीने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले, त्याचा अभ्यास आरोग्य प्रशासनाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा.

त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत या रुग्णालयातील १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. मेंदूवरील किंवा नेत्रगोलातील दाब उतरविण्यासाठी जे ग्लिसरॉल, म्हणजे आपल्या परिचयाचे ग्लिसरीन, रुग्णांना देण्यात येते, त्यात या वेळी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले. हे द्रव्य रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर, दिसण्यात ग्लिसरीनचे जुळे भावंडच. कारखान्यांत ते द्रावक म्हणून वापरतात व ते स्वस्त पडते. पोटात गेल्यास प्रथम उलट्या व पोटदुखी होते, मग लघवी बंद होते. ज्यांनी औषध लिहून दिले आणि ज्यांनी ते पाजले, त्यांनी नेहमीचाच उपचार केला होता. घात त्यापूर्वीच झालेला होता.

हे विष तेव्हा नवे होते असेही नाही. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात कालविलेले सल्फानिलामाइडचे औषध घेऊन शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यातूनच तेथील १९३८ चा अन्न व औषध कायदा आला. म्हणजे अज्ञानाची सबब १९८६ मध्ये चालण्यासारखी नव्हती.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८७ साली अहवाल दिला. त्याचे खरे मोल हे की, तो पुरवठादारापाशी थांबला नाही. रुग्णालयाचे प्रशासन, औषध नियंत्रणाची यंत्रणा आणि वरच्या पातळीवरील राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर त्याने ठपका ठेवला. चौकशा पुष्कळ होतात. इतक्या वरपर्यंत जाणाऱ्या थोड्याच.

औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी त्याला अनेक दारे ओलांडावी लागतात: उत्पादकाचा परवाना, निविदा, विश्लेषणाचे प्रमाणपत्र, भांडारातील स्वीकृती, साठा नोंदवही. प्रत्येक दारावर एक स्वाक्षरी असते. मोठ्या लाचेची चर्चा आपण करतो; परंतु माल न तपासता 'तपासून घेतला' असे लिहिणारी लहानशी स्वाक्षरी तितकीच घातक असते. ती करणाऱ्याला पैसा मिळालेला असतोच असे नाही. कित्येकदा त्याने केवळ वरून आलेला शब्द पाळलेला असतो, आणि खालच्या प्रत्येकाला वाटते की वरच्याने पाहिलेच असेल.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा अधिक निमूट आहे. शासकीय रुग्णालयांना पुरविलेल्या बनावट प्रतिजैविकांच्या प्रकरणी नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये दोषारोपपत्र दाखल केले. त्या गोळ्यांत टाल्कम पावडर व स्टार्च असल्याचा आरोप त्यात आहे. येथे विष नाही, पण औषधही नाही. अशा गोळीने न्यूमोनियाचा रुग्ण दगावला तर मृत्यूची नोंद न्यूमोनियाच्या नावावर होते. गोळीचे नाव कोठेच येत नाही, म्हणून हे बळी कधी मोजले जात नाहीत. शिवाय ज्याला गुण येत नाही तो सरकारी दवाखाना सोडतो आणि कर्ज काढून खाजगीकडे जातो.

गावपातळीवर याबाबत काय करता येईल? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधींना स्थान असते. समितीच्या इतिवृत्तांत रंगकाम आणि पंखे यांचे ठराव हटकून आढळतात. औषधसाठ्याविषयी ठराव विरळाच. वास्तविक खोक्यावरील बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचे नाव नोंदवहीतील नोंदीशी ताडून पाहण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. ही तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्यावरील अविश्वास नव्हे. प्रामाणिक अधिकाऱ्याला तिचा आधारच वाटेल.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ अन्वये कोणाही व्यक्तीला विहित शुल्क भरून औषधाचा नमुना शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. शिक्षकांनाही ही तरतूद क्वचितच ठाऊक असते. संशय आल्यास त्या बॅचचे वाटप थांबविण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी करावी, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास कळवावे आणि पत्राची पोच घ्यावी. रुग्णाच्या घरी उरलेली बाटली किंवा गोळ्यांची पट्टी फेकू देऊ नये. वेष्टनासह ती जपून ठेवावी, कारण बॅच क्रमांक बहुधा तेवढ्यावरच उरलेला असतो.