शाळेत पॅड मिळालं, पुढचा धडा राहिला



मुली मोठ्या वर्गात गेल्या की पॅड कसं वापरायचं, स्वच्छता कशी ठेवायची, हे शाळेत सांगतात. चांगलंच आहे. पण पाळीत काय झालं तर दवाखाना गाठायचा, हे बरेचदा राहूनच जातं. मग मुलगी पोट धरून बसते आणि आपण म्हणतो, "बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं." दुखणं अंगावर काढण्यात वर्षं जातात.

म्हणून आधी आपण शिकू या. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते. ती 21 ते 45 दिवसांनी आली, 2 ते 7 दिवस राहिली, थोडं पोट-कंबर दुखलं, तर काळजी नको.

या खुणा दिसल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवा :

1. तासा-दोन तासाला पॅड भिजतं, मोठ्या गाठी पडतात किंवा पाळी 7 दिवसांपुढे जाते. जास्त रक्त गेलं की अंगातलं रक्त कमी होतं, चक्कर येते, धाप लागते. शाळेतली लोहाची निळी गोळी घ्यावीच. पण रक्त जास्त का जातंय, तेही शोधावं लागतं.
2. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडते. यामागे एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो.
3. तीन-तीन महिने पाळी येत नाही. सोबत चेहऱ्यावर केस, खूप मुरुम असतील तर पीसीओएस असू शकतो.
4. पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आलेली नाही.

"लग्न झालं की होईल बरं" म्हणून थांबू नका.

शाळेत काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. आपल्या गटातली जी ताई समितीवर आहे, तिने पुढच्या सभेत विषय मांडावा : आशाताई किंवा नर्सबाईंचा एक तास या खुणांवर ठेवा. मुलांनाही बसवा, म्हणजे चिडवणं कमी होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं की पाळीचा त्रास न लाजता सांगायचा, हे मुलींना आधीच समजावा.

या महिन्याचा गृहपाठ : भिंतीवरच्या कॅलेंडरवर लेकीच्या पाळीची तारीख लिहा. किती दिवस, किती पॅड, किती दुखलं, हेही. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. बचतीचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो, मग हा का नको?