घरच्या प्राण्याचे आरोग्य : काही नेहमीचे प्रश्न

घरातील कुत्रा किंवा मांजर आजारी पडले, की आपण त्याला घेऊन दवाखान्याकडे धाव घेतो. ते ठणठणीत असताना मात्र पशुवैद्यकाची आठवणही होत नाही. वस्तुतः पिलांचे प्राण घेणारे बरेचसे आजार, आणि माणसाचाही प्राण घेणारा रेबीज, यांच्यावरील खरा उपाय आजारापूर्वीच करावयाचा असतो. एकदा लक्षणे दिसू लागली, की वैद्यकाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणूनच पशुवैद्यकाकडील भेटींविषयी प्राणिपालकांच्या मनात नेहमी येणाऱ्या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

पिल्लू घरी आणल्यावर पहिली तपासणी केव्हा करावी?

शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांतच. पशुवैद्यक पिलाचे वजन करतात. हृदय, डोळे, कान, दात आणि त्वचा तपासतात. बेंबीजवळ हर्निया नाही ना, हे पाहतात. जाताना ताज्या विष्ठेचा थोडा नमुना स्वच्छ डबीत न्यावा, म्हणजे जंतांची तपासणी त्याच भेटीत होते. पिल्लू जेथून आणले, तेथून लसीचा आणि जंतनाशकाचा कागद मागून घ्यावा. ‘लस दिली आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कुत्र्याला पट्टा बांधून आणि मांजराला झाकणाच्या टोपलीतून न्यावे. दवाखान्यातील इतर आजारी प्राण्यांशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये.

एकच लस पुन्हा पुन्हा कशासाठी?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि अनेक जण पहिल्या डोसनंतर थांबतात. याचे उत्तर आईच्या दुधात आहे. जन्मानंतरच्या चिकातून पिलाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती पिलाचे रक्षण करतात. पण तीच लसीचा परिणामही रोखून धरतात. ही द्रव्ये कोणत्या पिलात केव्हा संपतील, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून वयाच्या ६ ते ८ आठवड्यांपासून आरंभ करून, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत डोस दिले जातात. यांतला शेवटचा डोस चुकला, तर आधीचे सारे व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

या लसींमुळे डिस्टेंपर, यकृतदाह आणि पार्व्हो या विषाणुजन्य रोगांपासून संरक्षण मिळते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विशेष घातक आहे. सतत उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि काही दिवसांतच मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. त्याचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने सहजासहजी नष्ट होत नाही. त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलाला इतर कुत्र्यांच्या वावराच्या जागी उतरवू नये. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्यांना आणि माणसांनाही होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. पावसाचे पाणी साचणाऱ्या शहरांतील प्राणिपालकांनी या लसीविषयी पशुवैद्यकांना आवर्जून विचारावे.

आमचा कुत्रा घरातच असतो. त्याला रेबीजची लस कशाला?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. माणसात त्याची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसाला होणाऱ्या रेबीजचा उगम बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यात असतो. घरातला कुत्रा दिवसातून दोन वेळा फिरायला जातो, फाटकाशी भटक्या कुत्र्याशी झटापट करतो. संसर्गास एवढे पुरेसे असते.

दुसरा गैरसमज पिलांविषयी आहे. ‘एवढ्याशा पिलाला कसला रेबीज?’ असे म्हणून मुलांच्या हातावरील दातांच्या खुणांकडे दुर्लक्ष केले जाते. रेबीज पिलांनाही होतो. शिवाय कुत्र्यात लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू उतरलेला असू शकतो. म्हणजे चावताना ते पिल्लू खेळकर आणि निरोगी दिसत असले, तरी धोका संपत नाही. पिलाला साधारण ३ महिन्यांचे झाल्यावर ही लस देतात. पुढचा डोस पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे आणि त्यानंतर आपल्याकडील प्रघातानुसार दरवर्षी. मांजरालाही ती तितकीच आवश्यक आहे.

प्राणी चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, चुना किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जावे. प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. मात्र हे दहा दिवस संपण्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत. जखम खोल असेल, तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. प्राण्याला लस दिलेली असली, तरी हा सल्ला घेणे टाळू नये.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुनी भीती अजूनही काहींच्या मनात आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे विकसित केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आजची लस दंडात दिली जाते आणि तिचे डोसही मोजकेच असतात.

जंत आणि गोचीड यांचे काय करावे?

गोलकृमी आईच्या पोटातूनच पिलात येतात. म्हणून पिलांना सुरुवातीला दर १५ दिवसांनी, पुढे ६ महिन्यांपर्यंत दरमहा आणि मोठ्या प्राण्याला साधारणतः दर ३ महिन्यांनी जंतनाशक द्यावे. मात्रा वजनावर ठरते. म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून घ्यावे. ही काळजी मुलांसाठीही आहे, कारण विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून हे जंत माणसाच्या शरीरात शिरू शकतात.

गोचीड केवळ खाज आणत नाही, तर रक्तातील जीवघेणे रोगही पसरवते. ताप, खाणे सुटणे, हिरड्या फिकट पडणे किंवा नाकातून रक्त येणे, ही लक्षणे दिसताच रक्ततपासणी करून घ्यावी. एक सूचना मात्र लक्षात असावी : कुत्र्यांसाठी असलेली, परमेथ्रिन असलेली गोचीडनाशके मांजराला विषासमान असतात.

आपल्या पानातले अन्न आणि आपल्या घरातली औषधे चालतात का?

पोळी, भात, उकडलेले अंडे किंवा मांस बेताने चालते. पण तेवढ्यावरच त्याचे पोषण होईल असे नाही. त्याचा आहार वयानुसार पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावा. अनेक मोठ्या कुत्र्यांना आणि मांजरांना दूध पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण कटाक्षाने टाळावे. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन ती घशात वा आतड्यात रुततात. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. ताप उतरावा म्हणून आपल्या कपाटातले औषध देण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हाताला अंग गरम लागणे म्हणजे ताप नव्हे.

मादीला एकदा तरी पिले झालीच पाहिजेत का?

नाही. या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी केलेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा गंभीर आजार होत नाही. ती लहान वयात केल्यास स्तनांच्या गाठींची शक्यताही बरीच कमी होते. योग्य वय जात आणि आकारमान पाहून पशुवैद्यक सांगतात.

वाट न पाहता केव्हा निघावे?

श्वास घेण्यास त्रास, झटके, विषारी पदार्थ खाल्ल्याचा संशय, वारंवार उलट्या, पोट एकाएकी फुगणे आणि रिकाम्या उमाळ्या, अशा वेळी एक तासही दवडू नये. बोका पुन्हा पुन्हा बसूनही लघवी करू शकत नसेल, तर मूत्रमार्ग बंद झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नये. दिल्ली किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात कुत्रा जोराने धापा टाकत कोसळला, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

नोंदवही कशासाठी जपावी?

बँकेचे पासबुक आपण जसे अद्ययावत ठेवतो, तशीच प्राण्याची लसीकरण-पुस्तिकाही ठेवावी. लसीचे नाव, तारीख, बाटलीवरील चिकटपट्टी, पशुवैद्यकांची सही आणि पुढील तारीख, एवढ्या नोंदी तीत असाव्यात. बदलीच्या नोकरीत शहर बदलते, दवाखाना बदलतो. नव्या पशुवैद्यकांना प्राण्याचा पूर्वेतिहास या पुस्तिकेतूनच कळतो. प्रवासातही तिची मागणी होऊ शकते. प्रौढ प्राण्याची वर्षातून एकदा आणि सात-आठ वर्षांपुढील प्राण्याची सहा महिन्यांनी तपासणी व्हावी.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलावर प्रथम रेबीजची लस वापरली आणि तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक शहरांत प्राण्यांना विनामूल्य लस दिली जाते. आज वेळ काढून आपली पुस्तिका उघडावी आणि पुढील तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल, तर प्राणी ठणठणीत दिसत असला तरी दवाखान्यात जाण्याचा दिवस उद्याचाच समजावा. त्याच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या आपल्या मुलांची सुरक्षितताही त्या एका तारखेवर अवलंबून आहे.